हौद्याचं अस्तर

जालना
१२ फेब्रुवारी २०२५

चिरंजीव मच्छिंद्र,

आशीर्वाद तुला, उषाला आणि दारात आलेल्या नव्या पिकअपलाही. पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तुझं ‘रेंज न्हाई आक्का’ सुरू होतं. गावातली रेंज नेमकी माझ्याच वाक्याला कशी जाते, हे तीस वर्षं चौथीला भूगोल शिकवूनही मला उमगलेलं नाही. म्हणून आता लिहून बोलायचं ठरवलं आहे. तूही लिहूनच उत्तर दे. पेन नसेल तर पाठवते.

मुद्दा असा. घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं. त्यांना माझ्या या दोन खोल्या एप्रिलअखेर रिकाम्या हव्यात. मी लगेच हो म्हटलं. मला कुठे दारोदार हिंडायचं आहे? तुझे दाजी जाऊन नऊ वर्षं झाली, शाळा सुटून तीन. लेकरूबाळ नाही. गावात माझी खोली आहे, तिथे येते.

तुला आठवत असेलच, तरी मास्तरीण आहे, उजळणी घेतल्याशिवाय राहवत नाही. बाबा गेल्यावर घनसावंगीला येऊन मी हक्कसोडपत्रावर सही केली. माझ्या वाट्याची चार एकर मोसंबी तुझ्या नावावर झाली. सगळ्या बहिणी करतात, मीही केली. नसती केली तर भावाच्या ताटातला घास ओढणारी म्हणून गावाने ओवाळलं असतं. कचेरीच्या पायऱ्यांवर तू मला साडी दिलीस, पाया पडलास आणि म्हणालास, “आक्का, उगवतीची खोली तुझी. मरेस्तवर. कोणी हात लावणार न्हाई.” साडीचा रंग पहिल्याच धुण्यात गेला. शब्दाचा गेला नसेल असं धरून चालते.

सामान थोडं आहे. लोखंडी खाट, कपाट, शिलाई मशीन, पुस्तकांच्या आठ पेट्या आणि मी. एका खेपेत मावेल. कधी येतोस?

तुझी आक्का,
नंदा

* * *

२२ फेब्रुवारी २०२५

ती. आक्का,

पाया पडतो. पेन आहे.

तुला आणायला मी उद्याच निघालो असतो, पण एक अडचण आहे. गाडीचा हौदा उघडा आहे. हौदा म्हणजे मागची माल टाकायची जागा. आत कंपनीचा रंग आहे, तोंड दिसेल असा. त्यावर एक वस्तू ओढली की ओरखडा, ओरखड्यात पाणी, पाण्याने गंज, आणि गंज लागला की गाडीची किंमत पडली. शोरूममधल्या माणसाने बजावून सांगितलं, काका, आधी लायनर बसवा, मंगच माल टाका. लायनर म्हणजे हौद्याचं अस्तर.

आता त्यात तीन प्रकार निघाले. एक प्लॅस्टिकचा साचा, तो अख्खा हौद्यात बसतो, टोपात टोप ठेवल्यासारखा. दुसरं जाड रबर, नुसतं अंथरायचं. तिसरी फवारणी. काळं औषध मारतात आणि ते वाळलं की खडबडीत दगडासारखं होतं. मी रोज मोबाइलवर बघून राह्यलो. अमेरिकेतला एक माणूस हौद्यात उभा राहून घणाने घाव घालतो आणि हसतो. त्याने फवारणी केली आहे. दुसरा एक जण म्हणतो फवारणी करणारे सगळे मूर्ख. त्याने साचा बसवला आहे. दोघांचं बोलणं मला पटतं, म्हणून ठरत न्हाई.

तोवर गाडीत काही टाकत न्हाई. मोसंबीसुद्धा मेंढ्या वाहणाऱ्या म्हस्कूच्या गाडीतून जालन्याच्या बाजारात, मोंढ्यात पाठवतो. आपली गाडी फक्त लग्नाकार्याला काढतो, तेही मागे कोणाला बसू देत न्हाई. गेल्या आठवड्यात मामांना पाठीमागे चढू दिलं न्हाई म्हणून ते बोलत न्हाईत.

लायनर ठरलं की लगेच येतो. इकडे सर्व खुशाल.

तुझा,
मच्छिंद्र

* * *

जालना
३ मार्च २०२५

चिरंजीव मच्छिंद्र,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसण्यासाठी, दुसऱ्यांदा माझ्या येण्याची तारीख कुठे दिसते का ते शोधण्यासाठी. घणाचे घाव होते, मामा होते, तारीख नव्हती.

म्हणजे मोसंबी वाहायला पिकअप घेतली आणि मोसंबी वाहतो म्हस्कू. त्याचं भाडं तू देतोस. आणि तुझी गाडी नव्या नवरीसारखी लोकांच्या लग्नात मिरवून घरी येते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ऐकला होता. तू तर मसाला खराब होईल म्हणून कोंबडीच शिजवत नाहीस.

असो. तुला ठरवता येत नाही, म्हणून मी ठरवायला निघाले. परवा दुपारी मोंढ्यामागच्या तीन दुकानांत जाऊन आले. पांढऱ्या केसांची बाई पिकअपच्या हौद्याची चौकशी करते म्हटल्यावर पहिल्या दुकानदाराने खुर्ची दिली, दुसऱ्याने चहा दिला, आणि तिसऱ्याने विचारलं, “बाई, भाडं मारता का तुम्ही?” मी म्हटलं, अजून नाही, पण भाऊ असाच वागला तर मारावं लागेल.

आता नीट वाच. प्लॅस्टिकचा साचा दिसतो छान, पण त्याच्या आणि पत्र्याच्या मधे पाणी आणि माती साठते. वरून साचा चकाचक आणि खाली गंज. शिवाय माल त्यावर घसरतो. फवारणी टिकते, पण ती मारण्याआधी तुझा तो तोंड दिसणारा रंग घासून काढतात. ते दृश्य तुला सहन होणार नाही. राहिलं रबर. जाड घ्यायचं, खाली पाणी निघायला खाचा असलेलं. माल घसरत नाही, उचलून धुता येतं, गाडी विकली तरी काढून घेता येतं. दुकानदार म्हणाला, “सगळे पिकअपवाले हेच नेतात. गोठ्यात गायीखाली अंथरतात ना, तेच हे.”

एक गोष्ट माझी. हौदा हा गाडीचा तळहात आहे. काम करणाऱ्या तळहाताला घट्टे पडतातच.

रबर घे आणि ये.

आक्का

* * *

१६ मार्च २०२५

ती. आक्का,

पाया पडतो. दुकानात तू स्वतः गेलीस, वाईट वाटलं. पण गायीखालचं रबर माझ्या गाडीत? पारावर बसलेले लोक आधीच टपून असतात. म्हणतील मच्छिंद्रने पिकअप घेतली का म्हैस. विचार करतो.

परवा धुळवड झाली. गावातली कार्टी रंगाच्या बादल्या घेऊन फिरत होती, म्हणून गाडीवर दोन ताडपत्र्या टाकून दिवसभर शेजारी बसलो. एक फुगा आला. ताडपत्रीवर फुटला. देवाने वाचवलं.

आता पाडवा आहे तीस तारखेला. लायनर पाडव्याच्या मुहूर्तावर बसवावं असं मनात आहे. मंग अक्षय्यतृतीया आहे. चांगले दिवस येऊन राह्यलेत, घाई कशाला.

आक्का, एक विचारू? तुला गावात करमेल का? लाइट जाते. दवाखाना लांब. तुझी वाचायची सवय, इथे वाचनालय न्हाई, पेपर दुपारी येतो. जालन्यातच एखादी चांगली खोली बघितली तर? मी तुझ्या भल्यासाठी म्हणतो. घर तुझंच आहे, पण सध्या उगवतीच्या खोलीचं जरा काम काढलं आहे, त्यामुळे पसारा आहे.

उषा नमस्कार सांगते.

मच्छिंद्र

* * *

जालना
२४ मार्च २०२५

माझ्या मच्छिंद्रा,

तुझ्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य वाचलं आणि पत्र तसंच मांडीवर ठेवून बसून राहिले. तू खोलीचं काम काढलंस! आणि ते सांगतोस कसा, धुळवड, फुगा, पेपर, सगळं झाल्यावर, कोपऱ्यात. लहानपणी माझ्यासाठी बोरं आणायचास तेव्हाही अशीच मूठ पाठीमागे धरायचास. मी तुला किती बोलले. माझ्या जिभेला हाड नाही हे तुझे दाजी खरंच म्हणायचे.

आता तुला एवढा वेळ का लागतो आहे ते कळलं. लायनरचं निमित्त करून तू काम पुरं करायला मुदत मागत होतास. वेड्या, सांगायचंस ना.

मग एक-दोन गोष्टी आधीच सांगते, म्हणजे पुन्हा फोडाफोडी नको. खिडकी उगवतीलाच राहू दे, मला उजाडताना उन्हात बसायची सवय आहे. फरशी गुळगुळीत नको, पाय घसरतो. भिंतीत एक फळी ठोकून ठेव, बाकी पुस्तकं पेटीतच राहतील. रंग उषाला आवडेल तो.

आणि हे माझ्याकडून. सर्वांत जाड रबर घेतलं, तुझ्या गाडीच्या मापाचं कापून. गायीखालचं नाही, त्याच माणसाकडचं वरच्या प्रतीचं, वर गाडीच्या कंपनीसारखी नक्षी आहे, म्हणजे पारावरच्यांची तोंडं बंद. म्हस्कू मोसंबी उतरवायला आला होता, त्याच्याच गाडीत टाकून पाठवलं. त्याला म्हटलं, मच्छिंद्र माझी खोली नवी करतो आहे. तो नुसता टोपी काढून डोकं खाजवत राहिला. बोलत नाही तो फारसा.

पाडव्याला बसव. दुसऱ्या दिवशी मी सामान बांधून ठेवते.

तुझी,
आक्का

* * *

५ एप्रिल २०२५

ती. आक्का,

पाया पडतो.

रबर मिळालं. पाडव्याला नारळ फोडून बसवलं. फार सुंदर आहे. सगळ्या आळीने बघितलं. पारावरचं कोणी काही बोललं न्हाई. इतकं सुंदर आहे की त्यावर पाय द्यायला जिवावर येतं, म्हणून वर गोणपाट अंथरलं आहे. गोणपाटाचे धागे रबराच्या नक्षीत अडकू नयेत म्हणून मधे एक प्लॅस्टिकचा कागद टाकला.

आता तुझ्या खाटेचा विचार करतो आहे. लोखंडी खाटेचे चार पाय म्हणजे चार टोकं. कपाटाचे कोपरे. मशीन तर जडच. रबराला भोक पडलं तर तुझीच भेट खराब होणार. खाट विकून टाकली तर? इथे लाकडी करू.

खोलीचं विचारलंस. खोली आता फार हवेशीर झाली आहे. उजेड भरपूर येतो.

घाई करू नको. मी कळवतो.

मच्छिंद्र

* * *

९ एप्रिल २०२५

वन्संस,

उषाचा नमस्कार. म्या कधी पत्र लिव्हलं न्हाई, चुकलं तर माफ करा. तुम्ही ह्यांना लिव्हलेली सगळी पत्रं म्या वाचली. फरशी गुळगुळीत नको म्हणून लिव्हलं ते वाचून मला जेवण गेलं न्हाई, म्हणून लिव्हायला बसले.

खोली हवेशीर झाली म्हंजे खोलीला पुढची भिंतच न्हाई. ह्यांनी पाडली. तुमच्यासाठी न्हाई, गाडीला सावली पायजे म्हणून. गाडी आली त्याच आठवड्यात पाडली. तुमचं पहिलं पत्र आलं तवा विटा अंगणात पडून व्हत्या. ह्यांनी पत्र वाचलं आन विटांवरच बसून राह्यले.

माप घेतलंच न्हाई. डोळ्यानं बघितलं आन म्हणले बराबर बसती. खोली दहा फुटाची, गाडी सोळा फुटाची. तोंड आत गेलं, हौदा भाईरच राह्यला. ज्या हौद्यापायी एवढं चाल्लंय त्योच उन्हात पडलाय, वरून गोणपाट, कागद, ताडपत्री. गाव येऊन बघून जातंय.

भिंत पाडताना म्या म्हणले व्हते, आहो वन्संची खोली हाय ती. तर म्हणले, आक्का आता कशाला येती. म्या गप बसले. त्याचं मला वाईट वाटतंय, म्हणून लिव्हलं.

तुम्ही या. जागा म्या करते.

उषा

* * *

जालना
१६ एप्रिल २०२५

मच्छिंद्र,

उषाचं पत्र मिळालं. तिला एक शब्द बोललास तर माझ्याशी गाठ आहे. त्या घरात सरळ लिहिणारी ती एकटीच निघाली, आणि तिला आयुष्यात पहिलं पत्र लिहावं लागलं ते नवऱ्याची लबाडी कळवायला.

मी रडले. तुझ्यापासून लपवत नाही. भिंतीसाठी नाही, भिंत विटांची असते. ‘आक्का आता कशाला येती’ यासाठी रडले. तू मला मरायच्या आत मेलेल्यांत मोजून टाकलंस. चार एकर घेताना मी जिवंत होते, खोलीच्या वेळी मेले का?

आणि मी काय केलं? तू खोली फोडल्याचं कळवलंस आणि मी तुला बक्षीस पाठवलं. माझ्या हाताने माप देऊन, दुकानात उभी राहून कापून घेतलं. म्हस्कूला आता विचारलं, तुला ठाऊक होतं का रे? म्हणाला, “बाई, सारं गाव बघून राह्यलं व्हतं. मच्छिंद्र खोली नवी करायलाय असं तुम्ही म्हणलात तवा माझ्या तोंडाला आल्तं, पर बहीण-भावात म्या कशाला पडू? मेंढ्या बऱ्या, त्या पत्रं लिवत न्हाईत.”

दहा फुटांच्या खोलीत सोळा फुटांची गाडी. चौथीतल्या ढ पोरालाही मी याचं शून्य दिलं असतं, आणि तू दोन मजूर लावून हे गणित केलंस. लायनर म्हणे. तुझं मन झाकायला कोणतं अस्तर घेतोस ते दोन महिने बघत होते. साचाच घेतलास, वरून चकाचक आणि खाली गंज.

आता ऐक. रविवारी सत्तावीस तारखेला मी येते. तुझी गाडी नको. म्हस्कूच्या गाडीतून येते. तिच्या हौद्याला अस्तर नाही, पोचे आहेत आणि लेंड्या आहेत. तो झाडून घेतो म्हणाला. खाट येणार, चारही पायांसकट. मी येईपर्यंत पिकअप बाहेर काढून ठेव. तीन भिंती शिल्लक आहेत ना? मला तीन पुरतात. चौथीला पडदा लावते.

नंदा

* * *

अंगणातून
३ मे २०२५

ती. आक्का,

पाया पडतो. तू वीस पावलांवर पडद्याआड आहेस आणि मी कडुनिंबाखाली बसून तुला पत्र लिहितो आहे. उषा आणून देईल. तोंडाने बोलायला गेलो की तू पुस्तक उघडतेस.

आज सहा दिवस झाले. तू उषाशी बोलतेस, म्हस्कूशी बोलतेस, काल दारात आलेल्या कुत्र्याशी चांगली पाच मिनिटं बोललीस. आळीतल्या बायका रोज तुझा पडदा बघायला येतात. तू त्यांना पडदा सारून आत घेतेस, खाटेवर बसवतेस, आणि कोणी विचारलं की भिंत कुठं गेली, तर म्हणतेस, “गाडीला गरम होत होतं.” त्या हसत माझ्यासमोरून घरी जातात. मामासुद्धा येऊन गेले. अडीच महिन्यांनी पहिल्यांदा बोलले, तेही तुझ्या बाजूने.

मी खरं लिहितो. भिंत पाडताना मला शरम वाटली न्हाई. वाटलं, आक्का शहरात रमली, खोली रिकामी पडून आहे. तुझं पत्र आलं तेव्हा वाटली. तुला सांगायला तोंड न्हवतं. मंग लायनर सापडलं. रोज सकाळी उठलो की लायनरचाच विचार करायचो, म्हणजे तुझा करावा लागत न्हवता. पहिल्यांदा खोटं लिहिलं, ते सोपं गेलं. तू रबर पाठवलंस त्या दिवशी मात्र जेवलो न्हाई. हे उषाला विचार. तिला वाटलं उन्हाने झालं.

आज सकाळी भट्टीवर जाऊन विटा आणल्या. आपल्याच गाडीत, पाचशे. गोणपाट, कागद, सगळं काढून फेकलं. विटा रबरावर होत्या, पण बाजूच्या पत्र्याला घासल्या. रंग गेला ठिकठिकाणी. मी नीट बघितलंसुद्धा न्हाई.

गवंडी उद्या येतो. भिंत बांधतो, दार लावतो, उगवतीची खिडकी मोठी करतो. खडबडीत फरशी सांगितली आहे. पंखा, फळ्या, लागतील तेवढ्या. म्हणशील तो रंग. आणखी काय पायजे ते लिही, करतो. पण आक्का, बोल गं आता. घरात तुझा आवाज येतो आणि तो माझ्यासाठी नसतो, हे सहन होत न्हाई.

मच्छिंद्र

* * *

(त्याच कागदाच्या मागच्या बाजूला)

मच्छिंद्रा,

भिंत बांध, दार लाव, रंग उषाला विचार. पण गवंड्याला उद्या नको, मंगळवारी बोलाव. सोमवारी आधी ग्रामपंचायतीत जायचं आहे. ही खोली माझ्या नावावर लावायची, वहीत, सही-शिक्क्यानिशी. पायऱ्यांवर दिलेल्या शब्दावर मी एकदा राहून बघितलं. आता राहणार नाही.

तुझ्या गाडीतूनच जाऊ. पुढे, तुझ्या शेजारी बसेन. जाताना बोलणार नाही. येताना बोलेन.

आक्का